रुबेची दगडी वाट आणि कार्बनची सायकल

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेलगत लिल नावाचे मोठे शहर आहे. तेथून रुबे या गावी जाणारी ट्राम १९०९ सालापासून धावत आली आहे. रुंद रस्त्याच्या मधून, झाडांच्या रांगांशेजारून ती सावकाश निघते आणि अर्ध्या तासात प्रवाशाला लाल विटांच्या एका नगरात आणून सोडते. मुंबईचे गिरणगाव ज्याने पाहिले आहे त्याला हे नगर फारसे परके वाटत नाही. तीच उंच भिंतींची लांबलचक आवारे, तीच कामगारांच्या घरांची एकसारखी ओळ आणि तेच बंद पडलेले धुराडे. एके काळी या गावाला ‘हजार धुराड्यांचे शहर’ म्हणत असत. लोकर आणायची, पिंजायची, कातायची, विणायची आणि जगभर विकायची, हा येथला पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग होता.

आज त्या गिरण्यांतील यंत्रे थांबली असली तरी गाव आपला व्यवसाय विसरलेले नाही. मोत-बोस्यू घराण्याची बुरुजांनी सजलेली, किल्ल्यासारखी दिसणारी सूतगिरणी आता श्रमजीवनाच्या कागदपत्रांचे राष्ट्रीय अभिलेखागार झाली आहे. तेथे गिरण्यांच्या खातेवह्या आणि पत्रव्यवहार जपून ठेवलेला आहे. गावातील जुना सार्वजनिक जलतरण तलाव २००१ सालापासून कलासंग्रहालय म्हणून उघडला गेला. रंगीत काचांतून उगवत्या सूर्याचा प्रकाश पाण्यावर पडतो, पाण्याच्या दोन्ही काठांना शिल्पे उभी आहेत आणि वरच्या दालनांत कापडाचे नमुने. वह्यांमध्ये चिकटवलेले ते छोटे तुकडे पाहताना कापडाच्या पेढीवर बसलेल्या कोणाही माणसाची बोटे पोत चाचपण्यासाठी आपोआप पुढे होतील. तेथे मात्र हात लावण्यास मनाई आहे.

व्यापारी घराण्यांच्या दृष्टीने रुबेची आणखी एक ओळख सांगण्याजोगी आहे. १८३७ साली येथे निघालेल्या एका लोकर-कताईच्या उद्योगातून पुढे ‘ला रेदूत’ ही टपालाने माल विकणारी पेढी उभी राहिली. विणकामाच्या लोकरीचा धंदा करणारे म्युलिए घराणे याच गावचे. त्याच घराण्याच्या परिवारातून १९७६ मध्ये लिलजवळ खेळाच्या साहित्याचे एक दुकान निघाले, ते ‘डेकॅथ्लॉन’. आज ठाणे, पुणे, नाशिक येथील मुले ज्या दुकानातून सायकल घेतात, त्याचे मूळ या लोकरीच्या गावाच्या वेशीवर आहे. त्या कंपनीच्या शर्यतीच्या सायकलींना ‘व्हान रिसेल’ असे नाव आहे. फ्लेमिश भाषेत त्याचा अर्थ ‘लिलची’.

सायकल मात्र या गावात त्याच्याही फार पूर्वी आली. १८९५ साली तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन सूतगिरणीवाल्यांनी रुबे येथे सायकल शर्यतींसाठी वेलोड्रोम, म्हणजे कडेला उंचावत गेलेला बंदिस्त धावमार्ग बांधून घेतला. मार्ग बांधला, पण प्रेक्षक नियमाने यायला हवेत. तेव्हा पॅरिसहून निघून आपल्या आवारात संपणारी एखादी मोठी शर्यत असावी, अशी कल्पना त्यांनी काढली आणि पहिल्या बक्षिसासाठी १,००० फ्रँक देऊ केले. १९ एप्रिल १८९६ रोजी पहिली पॅरिस–रुबे शर्यत झाली आणि योसेफ फिशर हा जर्मन स्वार सुमारे ९ तास १७ मिनिटांत पहिला आला. तिकिटांचा गल्ला भरावा म्हणून काढलेली ही युक्ती सव्वाशेहून अधिक वर्षे टिकली आहे. व्यापाऱ्याच्या हिशेबातून निघालेल्या किती गोष्टी इतक्या टिकतात, हा विचार मनात येतो.

आता ही शर्यत पॅरिसहून नव्हे, तर त्याच्या उत्तरेकडील कोंपिएन या गावाहून निघते. अंतर साधारण २६० किलोमीटर. त्यांतील सुमारे ५५ किलोमीटर वाट दगडी आहे, आणि तीस-एक तुकड्यांत विभागलेली आहे. आपल्याकडे फरशी म्हटली की गुळगुळीत शहाबादी डोळ्यांपुढे येते. हे दगड तसे नव्हेत. शेतातून बैलगाड्या-घोडागाड्या जाव्यात म्हणून शेदीडशे वर्षांपूर्वी आणि काही ठिकाणी त्याहूनही आधी बसवलेले, पावाच्या आकाराचे हे ओबडधोबड दगड आहेत. काही वर उचललेले, काही खचलेले. पावसाळी दिवशी त्यांवर चिखलाची साय धरते, उन्हाळी दिवशी धुळीचा पडदा उठतो. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली हा मार्ग पाहावयास गेलेल्या लोकांना उद्ध्वस्त गावे आणि जळालेली झाडे दिसली. तेव्हापासून या शर्यतीस ‘उत्तरेचा नरक’ हे नाव पडले.

या नरकात मनगटाएवढ्या जाडीच्या, पोकळ आणि वजनाने अगदी हलक्या कार्बनच्या सायकली कशा टिकतात, हा प्रश्न सायकल न चालवणाऱ्या माणसालाही पडावा असा आहे. ज्या घरात मुलाने किंवा सुनेने लाखांची सायकल आणली आहे, त्या घरात तर तो जेवताना हमखास निघतो. ‘प्लॅस्टिकच ना ते? मोडले तर?’

त्याचे उत्तर देण्यासाठी पुन्हा लोकरीच्याच गावात यावे लागते, कारण कार्बन फायबर ही वस्तू मुळात धागा आहे. एडिसनने १८७९ साली आपल्या दिव्यासाठी कापसाचा दोरा जाळून त्याची कोळशाची तार केली होती. तत्त्व तेच. आज त्यासाठी जो धागा घेतात तो स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीचा सख्खा भाऊ आहे. त्याला आधी हवेत दोन-तीनशे अंश तापवून स्थिर करतात आणि नंतर नायट्रोजन भरलेल्या भट्टीत हजार अंशांच्याही वर नेतात. इतर सर्व द्रव्ये उडून जातात. वजन जवळजवळ अर्धे होते आणि उरतो तो मुख्यत्वे कार्बन. जपानमधील तोरे या, कापडधाग्यांचाच धंदा करणाऱ्या कंपनीने १९७१ पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. एकेक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. असे तीन हजार, बारा हजार तंतू एकत्र करून त्याची लड होते. लडींचे पट्टे होतात वा कापड विणले जाते. त्यात इपॉक्सी राळ भरतात. आपल्या घरातील दोन नळ्यांचा चिकटद्रव असतो त्याच जातीची. मग पट्टे कापून, साच्यात थरावर थर लावून, दाबाखाली भाजतात.

थर लावण्याचे हे काम आजही बरेचसे हातांनी चालते. एक थर नळीच्या लांबीत, दुसरा तिरका, तिसरा आडवा. कोणता थर कोणत्या कोनात ठेवायचा यावर त्या सायकलीचा सारा स्वभाव ठरतो. उभे-आडवे सूत ज्याला कळते त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धाग्याच्या दिशेने ओढले तर कापड ताण सोसते, तिरके ओढले तर वाकते. कार्बनचेही तसेच. ज्या दिशेने जोर येणार हे कारागिराला ठाऊक आहे, त्या दिशेने तो पोलादाहून वरचढ ठरतो. ज्या दिशेने जोर येईल असे कोणी योजलेच नव्हते, तेथे मात्र तो दुबळा असतो.

पोलादाची सायकल आपटली तर वाकते. वाकलेली नळी दिसते, हाताला लागते, दुरुस्तही होते. ॲल्युमिनियमला निराळाच दोष आहे. प्रत्येक हेलकाव्यागणिक त्याच्या आयुष्यातून थोडे वजा होत जाते आणि कितीही लहान जोर असला तरी ही वजाबाकी पूर्णपणे थांबत नाही. हिशेबाच्या भाषेत ॲल्युमिनियमवर दरसाल घसारा लागतो. चांगल्या बनावटीच्या कार्बनच्या नळीवर, नेहमीच्या वापरात, असा घसारा नाममात्रच लागतो. रुबेच्या दगडांवरून हजारो धक्के खाऊनही तिचा ताठपणा जवळजवळ तसाच राहतो. म्हणून ‘कार्बन दोन-चार वर्षांत थकतो’ हा जो समज आपल्याकडील दुकानांतही ऐकू येतो, त्याला आधार नाही. जपून ठेवलेली जुनी कार्बन सायकल आजही वापरात असू शकते. १९८६ साली ग्रेग लेमाँड याने टूर द फ्रान्स जिंकली ती कार्बनच्या नळ्या असलेल्याच सायकलीवर, आणि त्या काळच्या काही सायकली अजूनही चालताना दिसतात.

पण कार्बनची खरी भीती दुसरीकडे आहे. नळीच्या कडेला दगडाचा घाव बसला, सायकल उभी असताना भिंतीवरून घसरली, कोणी पाना जरा जास्तच आवळला, तर आतील थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि वरचा रंग मात्र जसाच्या तसा राहतो. हप्ते वेळेवर येत असलेल्या खात्याला कोणी संशयाने पाहत नाही, आणि एके दिवशी ते अचानक बुडीत निघते, तसेच हे. कार्बन वाकून इशारा देत नाही. तो एकदम तुटतो. सीटचा दांडा तुटला तर निदान माणूस मागे बसकण मारतो. पण हँडल किंवा पुढचा फोर्क वेगात तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही, स्वार तोंडावर पडतो.

हे सारे ज्या जागी सर्वांत कठोरपणे तपासले जाते ती जागा रुबेपासून दक्षिणेला, वालेर-आरेनबेर्ग या खाणगावालगतच्या जंगलात आहे. गावात शिरताना आधी दिसतात ते कोळशाच्या खाणीचे उंच लोखंडी सांगाडे. खाण १९८९ साली बंद झाली. २०१२ साली या प्रदेशातील खाणवस्त्या युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. खाणीपासून थोड्याच अंतरावर जंगलातून एक सरळ रेघ मारल्यासारखी वाट जाते. लांबी सुमारे २,३०० मीटर. दोन्ही बाजूंना दाट झाडी असल्याने ऊन पोचत नाही आणि दगडांवरचे शेवाळ वाळत नाही. एरवी वाहनांना ही वाट बंद असते. शर्यतीच्या मार्गात ती १९६८ साली आली. ती सुचवणारा झाँ स्टाब्लिन्स्की हा सायकलपटू तरुणपणी याच खाणीत काम करत असे. १९६२ साली तो जगज्जेता झाला होता. या वाटेवरून सायकल चालवलेला आणि तिच्याखाली कोळसाही खणलेला हा एकच माणूस, असे त्याच्याविषयी सांगतात. वाटेच्या तोंडाशी त्याचा स्मृतिस्तंभ उभा आहे.

मोकळ्या दिवशी या वाटेवर उभे राहिले तर पायाखालचा प्रत्येक दगड निराळ्या कोनात कललेला जाणवतो. चालतानाही घोटा मुरगळेल अशी धास्ती वाटते. स्वार येथे ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने शिरतात. १९९८ साली योहान म्युसिउ या बेल्जियन स्वाराची गुडघ्याची वाटी येथेच फुटली आणि जखम चिघळून पाय जाण्याची वेळ आली होती. दोन वर्षांनी त्याने हीच शर्यत जिंकली आणि सीमारेषा ओलांडताना तोच गुडघा उचलून दाखवला. २०२४ साली वेग कमी व्हावा म्हणून या वाटेच्या तोंडापूर्वी एक मुद्दाम वळण घालण्यात आले होते.

अशा वाटेवर कार्बन आणावयास संघांचे तंत्रज्ञ बराच काळ कचरत होते, आणि ते स्वाभाविकही होते. १९९० नंतरच्या काही वर्षांत तर मोटारसायकलसारखे स्प्रिंगचे फोर्क लावून ही शर्यत जिंकली गेली. कार्बनच्या सांगाड्यांची सवय झाल्यावरही चाकांच्या रिमा मात्र पुष्कळ वर्षे ॲल्युमिनियमच्याच असत. दगडावर रिम आपटली तर धातू वाकेल पण घरी पोचवील, हा विचार. २००६ साली एक प्रसंग असा घडला की तो ऐकून धातूवरचा भाबडा विश्वास थोडा हलावा. जॉर्ज हिंकापी हा अमेरिकन स्वार आघाडीच्या गटात असताना त्याचे हँडल एकाएकी हातात सुटे आले आणि तो पडून खांद्याला जबर दुखापत झाली. तुटली होती ती हँडलला फोर्कशी जोडणारी उभी नळी, आणि ती कार्बनची नव्हे, ॲल्युमिनियमची होती. त्याच शर्यतीत आधी तो एकदा पडला होता. त्या पहिल्या पडण्यानंतर सायकल दिसायला ठीक होती, म्हणून तीच पुढे चालवली गेली.

चार वर्षांनी, २०१० साली, स्वित्झर्लंडचा फाबियान कान्सेलारा हीच शर्यत एकटा पुढे निघून जिंकला, आणि त्याच्या चाकांच्या रिमा कार्बनच्या होत्या. त्यानंतर शंका हळूहळू मावळत गेली. आज सांगाडा, फोर्क, हँडल, रिमा, सीटचा दांडा सारे कार्बनचे असते. टायर तेवढे जाड झाले आहेत. पूर्वीच्या २३-२५ मिलिमीटरऐवजी आता ३० किंवा ३२, आणि हवा कमी. धक्का शोषण्याचे मोठे काम हे रुंद टायरच करतात. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे सायकल ६.८ किलोग्रॅमपेक्षा हलकी असू नये, हा नियम २००० सालापासून आहे, आणि या शर्यतीत तर तंत्रज्ञ स्वतःहून त्याहून जड सायकल पसंत करतात.

शर्यत संपल्यावर वेलोड्रोमच्या बाहेर, संघांच्या मोटारींपाशी जे चालते ते पाहण्यासारखे असते. चिखलाने माखलेल्या सायकली साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्या जातात. जोराचा फवारा बेअरिंगांवर मारत नाहीत. नंतर एकेक नळी पुसून, उजेडात फिरवून पाहिली जाते. रंगावरची बारीक रेघ ही नुसती रंगाची आहे की खालच्या थराची, हे ठरवण्यासाठी नखाने चाचपतात. नळीवर नाण्याने हलके टकटक करत जातात. चांगल्या नळीचा आवाज खणखणीत येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. खोटा रुपया ओळखण्याची आपल्या आजोबांची तीच रीत. मात्र एक लक्षात ठेवावे. नळीची जाडी जागोजाग बदलते, तेव्हा आवाजही थोडा बदलणारच. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून पाहावा, आणि शंका राहिली तर अल्ट्रासाउंडने तपासून देणाऱ्या कारागिराकडे जावे. आणखी एक साधी युक्ती कापसाची. कापसाचा बोळा हँडलवरून, दांड्यावरून हलके फिरवला की जेथे तंतू तुटून वर आला असेल तेथे कापूस अडकतो.

आपल्याकडच्या घरांत याचे कसे होते ते पाहण्याजोगे आहे. सायकल पडल्यावर बहुतेक लोक मागचा गिअर सरळ आहे का ते पाहतात, सीटवरची धूळ झटकतात आणि निघतात. वास्तविक सायकल पडली की हँडल गर्रकन फिरून त्याचे टोक सांगाड्याच्या वरच्या दांड्यावर आपटते. पहिली नजर तेथेच जायला हवी. मग हँडलवरची पट्टी. वर्षातून एकदा ती सोडून खालचे हँडल पाहावे, कारण पट्टीखाली काय झाले आहे ते कोणालाच दिसत नसते. सायकल चालवताना नवीन कुरकुर ऐकू येऊ लागली तर तिचे कारण सापडेपर्यंत तेल घालून ती गप्प करू नये. साखळी उतरून मागच्या दांड्याला घासली असेल तर तेथेही पाहावे.

सर्वाधिक नुकसान मात्र रस्त्यावर होत नाही, घरातल्या पान्याने होते. कार्बनच्या दांड्याभोवतीचे बोल्ट किती आवळायचे याचा आकडा बहुधा भागावरच छापलेला असतो. पुष्कळदा तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. मनगटाच्या अंदाजाने आवळणारा अनुभवी मिस्त्रीही त्याच्या दुप्पट जोर सहज लावून जातो, कारण त्याचा अनुभव लोखंडाचा असतो. दोन-तीन हजारांचा टॉर्क रेंच घेतला तर लाखाची वस्तू वाचते. दांडा खाली सरकतो म्हणून आणखी आवळण्याऐवजी कार्बनसाठी मिळणारी खरखरीत पेस्ट लावावी. नेहमीचे ग्रीस लावले तर तो उलट अधिक घसरतो. दुरुस्तीच्या स्टँडवर सायकल सांगाड्याच्या नळीला पकडून कधीही टांगू नये. तीच गोष्ट मोटारीच्या रॅकची. जबडा नळीवर बसतो आणि पातळ नळी बाजूने दाबली जाते, आणि बाजूचा दाब तिच्या कारागिराने योजलेला नसतो. मोटारीच्या मागे सायकल लावली असेल तर धुराच्या नळीचा झोत रिमवर येत नाही ना, हेही पाहावे. त्या गरम हवेने राळ मऊ होऊन रिम खराब होते.

समुद्रकाठच्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कार्बन स्वतः गंजत नाही. पण तो वीज वाहून नेतो, त्यामुळे खारट ओलाव्यात त्याला चिकटून असलेले ॲल्युमिनियम लवकर खाऊन जाते. मुंबई, रत्नागिरी, मालवण येथे कार्बनच्या सांगाड्यात घातलेला ॲल्युमिनियमचा सीटचा दांडा दोन पावसाळे तसाच राहिला तर तो आतच धरून बसतो आणि काढताना सांगाडा फुटण्याची पाळी येते. चार-सहा महिन्यांनी दांडा काढून पुसणे हे पाच मिनिटांचे काम आहे. घाटांकडे राहणाऱ्यांची काळजी वेगळी. रिमवर ब्रेक लागणारी जुनी कार्बन चाके असतील तर पसरणीसारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्याने रिम तापते. ब्रेक सोडत-धरत उतरावे, आणि ब्रेकचे रबर कार्बनसाठीचेच असावे. ॲल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले रबर येथे लावले तर त्यात रुतलेले धातूचे कण रिम खरवडतात. नव्या सायकलींना डिस्क ब्रेक असल्याने ही अडचण संपली आहे.

एका प्रश्नावर मात्र व्यापारी घराने अधिक थांबावे. जुन्या कार्बन सायकलींचा बाजार आता आपल्या शहरांतही वाढला आहे. नव्या वस्तूच्या अर्ध्या किमतीत चांगली सायकल मिळते आणि घेणारा सहसा विशीतला मुलगा असतो. विकणाऱ्याला माहीत असते की मागच्या वर्षी ही सायकल जोरात पडली होती. रंग पुन्हा मारून घेतला, पॉलिश केले, फोटो सुंदर निघाले. घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. कापडाच्या ताग्यात डाग असला तर गिऱ्हाईक तागा परत आणते आणि पेढी तो निमूट बदलून देते. येथे परत आणायला गिऱ्हाईक धडधाकट असेलच असे नाही. सांगाड्याची दुरुस्ती करता येते हे खरे. तडा गेलेली जागा निमुळती खरवडून, नवे थर त्याच दिशांनी बसवून, भाजून, चांगले कारागीर ती पूर्वीइतकी मजबूत करून देतात. तेव्हा पडलेली सायकल विकू नये असे नाही. पडली होती, अमुक ठिकाणी दुरुस्त केली, हा तिचा कागद, एवढे सांगून विकावी आणि भाव त्याप्रमाणे घ्यावा. फोर्क, हँडल आणि त्यांना जोडणारी उभी नळी यांच्या बाबतीत मात्र दुरुस्तीचा विचारही करू नये. जोरात आपटल्यावर ते भाग बदलूनच टाकावेत, आणि टाकताना करवतीने दोन तुकडे करावेत, म्हणजे भंगारातून उचलून ते पुन्हा कोणाच्या सायकलीला लागणार नाहीत.

रुबेला परतताना शर्यतीचा शेवट जेथे होतो तो उघडा वेलोड्रोम पाहून यावा. १९४३ पासून, मधली काही वर्षे सोडल्यास, शर्यत येथेच संपते. शेजारच्या छपराखालच्या नव्या वेलोड्रोमला त्याच स्टाब्लिन्स्कीचे नाव दिले आहे. जुन्या धावमार्गाच्या बाजूला सिमेंटच्या आडोशांची स्नानगृहे आहेत. दार नाही, सजावट नाही. प्रत्येक आडोशावर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी आहे. २०२१ मध्ये स्त्रियांची शर्यत प्रथमच झाली आणि इंग्लंडची लिझी डेग्नन ती जिंकली. विजेत्याला चषक मिळत नाही. १९७७ पासून बक्षीस म्हणून एक दगडच देतात, याच वाटेवरचा.

त्या दगडांची काळजी घेणारी एक स्वयंसेवी मंडळी आहे. तिचे नाव ‘पॅरिस–रुबेचे मित्र’. शेतकरी ट्रॅक्टर फिरवतात, पाऊस वाळू वाहून नेतो, हौशी लोक आठवण म्हणून दगड उपटून नेतात. ही मंडळी, आणि त्यांच्याबरोबर उद्यानविद्येच्या शाळेतील मुले, वाटेचा तुकडा निवडून तेथे बसतात. हललेला दगड काढतात, त्याखालची माती बदलतात, वाळूचा थर देतात, दगड पुन्हा बसवून लाकडी मोगरीने ठोकतात आणि शेजारच्या दगडाशी पातळी जुळली का ते हाताने पाहतात. दगडांच्या फटींत वाढणारे गवत काढण्यासाठी २०२३ साली आरेनबेर्गच्या जंगलात शेळ्या आणून सोडल्या होत्या. त्या दोन हजार तीनशे मीटर दगडांमधून निवांत चरत गेल्या, आणि मागून माणसे एकेक दगड तपासत गेली.